बिनमानकऱ्यांचं गाव

लग्नात मला माहेरून मिक्सर मिळाला होता. तो अजून चालतो. झाकणाचं रबर गेलंय, आवाज ट्रॅक्टरसारखा करतो, पण खोबरं वाटतो. आमचं गाव त्या मिक्सरनंतर जन्माला आलं आणि कधीच मरून गेलं.

गाव मरतं म्हणजे काय, असं कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या शेजारणी विचारतात. धरणात गेलेलं गाव त्यांना ठाऊक असतं, ओस पडलेलंही ठाऊक असतं. आमच्या गावाचं तसलं काही झालं नाही. आमचं गाव रद्द झालं. एसटीची मुक्कामी गाडी रद्द होते तसं. कोल्हापुरातून एक कागद आला, आणि काल जिथे ग्रामपंचायत होती तिथे दुसऱ्या दिवशी नुसता डोंगर उरला. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोग काय, नकाशात सापडायचं नाही. माणसांचीही नावं लिहिणार नाही. नवऱ्याचं नाव तर आम्ही उखाण्याशिवाय घेत नाही, तेव्हा ते इथेही 'हे'च राहतील.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, कोकणात उतरायच्या आधी, डोंगरांच्या माथ्यावर लांबच लांब सपाट कातळ आहेत. त्याला सडा म्हणतात. सड्यावर माती बोटभर, पाऊस धो धो, आणि वारा असा की पदर सांभाळायचा की छत्री हे घरातूनच ठरवून निघायचं. तिथे पूर्वी कुणी राहत नव्हतं. मग त्या कातळात बॉक्साईट निघालं. ज्याचं ॲल्युमिनियम करतात तो लालसर दगड. एका कंपनीनं खाण सुरू केली आणि असतील शितं तर जमतील भुतं, त्याप्रमाणे भुतं जमली. त्या भुतांत आम्ही दोघंही होतो, म्हणून हा शब्द वापरायचा मला हक्क आहे.

खणणारे आले, ट्रकवाले आले, त्यांना भाकरी घालणाऱ्या बायका आल्या. पत्र्याच्या शेडी उठल्या. एक न्हावी, दोन खानावळी, मोबाईलचं दुकान. कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, गुजरीतल्या एका सोनाराच्या धाकट्या भावानं तर पत्र्याच्या खोलीत काचेचं कपाट मांडून दुकान थाटलं. सड्यावर सोनार! माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "खोटं बोलू नको." पण खरंच, आठवड्याचा पगार झाला की गडी लाल धुळीनं माखलेल्या हातांनी बायकोसाठी डोरल्याचे मणी निवडत उभे असायचे. सगळ्यांना वाटत होतं हे असंच चालणार. दगड संपतो, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. डोंगर एवढा मोठा आहे, कसा संपेल?

हे तिथे डंपर दुरुस्त करायचे. हात चांगला होता. मी आले ती लग्न करून, आणि पुढे अंगणवाडी सुरू झाली तेव्हा तिची सेविका झाले. माझं माहेर बिद्रीजवळचं, साखर कारखान्याच्या भोंग्यावर उठणारं-झोपणारं. चांगलं शेतकऱ्याचं घर. यांचं स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडे सगळेच विचारतात तो.

"गाव कुठलं?"

मध्यस्थ काहीतरी सांगायला लागला तर वडिलांनी त्याला थांबवलं. "त्याला बोलू दे की."

"गाव न्हाय," हे म्हणाले.

माझे वडील आत येऊन आईला म्हणाले, "ह्या पोराला शेंडा न्हाय आणि बुडखा बी न्हाय." तरी लग्न झालं. मला ते खरं बोलणं आवडलं होतं, आणि वडिलांचं माझ्यापुढे चालत नसे.

गाव का नव्हतं, ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातनंच आलं. माझ्या सासऱ्यांचं गाव दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आमच्याकडे वैशाखात बऱ्याच गावांत म्हाई असते. म्हाई म्हणजे गावदेवीची जत्रा. त्या दिवशी पालखी निघते, घरोघरी पाहुणे येतात, आणि प्रत्येक घराण्याचा काही ना काही मान ठरलेला असतो. पालखीला पहिला खांदा अमक्याचा, पहिला निवद, म्हणजे देवीचा नैवेद्य, तमक्याचा. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. गावात त्याच्यावरनं डोकी फुटतात. सासऱ्यांच्या घराचा पहिल्या खांद्याचा मान होता. एका वर्षी भावकीनं तो हिसकावला. सासरे तरुण होते, तापट होते. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी शपथ घेतली, 'ह्या शिवंतलं पाणी मी पिणार न्हाय, माझी पोरंबाळंबी पिणार न्हाईत.' आणि बायकोला घेऊन कोल्हापुरात आले ते मंगळवार पेठेत भाड्याच्या खोलीत राहिले. मेले तेही तिथेच.

हे त्या खोलीत वाढले. यांनी मला एकदाच सांगितलंय, की लहानपणी वैशाखात गल्ली रिकामी व्हायची. सगळी पोरं आपापल्या गावी म्हाईला जायची, नवे कपडे घालून. हे एकटेच दारात बसायचे. चार दिवसांनी पोरं परत यायची आणि ढोल कसा वाजला, पालखी कशी नाचली ते सांगत बसायची. हे ऐकायचे. एवढंच सांगितलं.

तेव्हा सड्यावरच्या पत्र्याच्या वस्तीत यांचा जीव का गुंतला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

वस्ती खालच्या गावाच्या हद्दीत होती. डोंगराच्या पायथ्याचं ते जुनं गाव. त्यांना आम्ही नको होतो. आमच्या ट्रकांची धूळ त्यांच्या भातावर पडायची, आमचे गडी त्यांच्या ओढ्यावर आंघोळीला जायचे. तिथल्या ग्रामसभेत आमचं कुणी बोलायला उठलं की लोक म्हणायचे, "तुमी पावणं हायसा, पावण्यागत ऱ्हावा." यांना ते फार लागायचं. यांनी अर्ज केले, पुढाऱ्यांच्या दारात बसले, कोल्हापूरला खेपा घातल्या. वस्ती तेव्हा भरात होती, कंपनीलाही सोय हवी होती. वेगळी ग्रामपंचायत मंजूर झाली. गाव करी ते राव न करी म्हणतात. आमच्याकडे आधी गावच करायचं होतं, आणि ते यांनी केलं. पहिले सरपंच हेच झाले. दुसरा कुणी झालाच नाही.

त्या दिवसांत हे सुंदर दिसायचे. बायकोनं नवऱ्याला सुंदर म्हणू नये कदाचित, पण मी म्हणते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळी नळावर उभे राहायचे आणि पाणी आलं की नाही ते बघायचे. कुणी विचारलं, पावणं, गाव कुठलं, तर विचारणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत उत्तर.

देवी सापडली ती खाणीतच. पहारीला एक काळा दगड लागला, वरनं गोल, एका बाजूला टवका उडालेला. खणणाऱ्या माणसांचा मुकादम तो घेऊन आला. हा मुकादम गडहिंग्लजकडचा, काटक, बोलायला तोफ. म्हणाला, "सरपंच, देवी भेटली. हिच्याबिगर गाव कसलं?" सगळ्यांनी मिळून चिरे रचले, वर पत्रा टाकला, देवी बसवली. म्हाई ठरली वैशाखात, पण बहुतेक गावांची म्हाई असते त्या गर्दीच्या मंगळवारी नव्हे, महिन्याच्या अखेरीस. म्हणजे कुणाच्या गावाच्या आड येणार नाही.

मग प्रश्न आला मानाचा. काचेचं कपाट मांडून बसलेला सोनारसुद्धा विचारायला आला, की आमचा काय. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या गावात मान न्हाय. पालखी कुनी बी उचलायची. पयला खांदा जो पयला यील त्याचा. निवद बी कुनाचा बी."

"मंजे आमाला कायच न्हाय?" मुकादमानं विचारलं.

"मान न्हाय, पर कुनाचा अपमान बी न्हाय."

टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. बापानं ज्या गोष्टीपायी गाव सोडलं, ती गोष्टच मुलानं आपल्या गावातून काढून टाकली होती. मला अभिमान वाटला. मुकादम मात्र टाळ्या न वाजवता डोकं खाजवत उभा होता. मला वाटलं त्याला कळलं नसेल. आता वाटतं, सगळ्यांत आधी त्यालाच कळलं होतं.

पहिली म्हाई झकास झाली. नव्याचे नऊ दिवस. पालखी म्हणजे ट्रकच्या फळ्यांची, तिला कंपनीच्या ऑफिसातल्या पडद्याचं कापड लावलेलं. कुणीही उचलत होतं. हे तर खांद्यावरनं उतरवायलाच तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला होता आणि मी मीठ गरम करून शेकत होते आणि हे हसत होते. दुसऱ्या म्हाईला माणसं थोडी कमी आली. कुणी म्हणालं झोप लागली, कुणी म्हणालं सासुरवाडीला गेलतो. तिसऱ्या वर्षी पालखीला खांदा बदलायला गडी शोधावे लागले. कुणी यायचंच असं ठरलेलं नव्हतं, त्यामुळे न आलेल्याला कुणी विचारत नव्हतं. हे म्हणायचे, खाणीत काम जास्त आहे.

खाणीत काम कमी झालं होतं. चांगला दगड संपत आला होता, आणि पुढचा डोंगर खणायची परवानगी मिळेना. आधी रात्रपाळी बंद झाली, मग एक खानावळ. सोनारानं काचेचं कपाट टेम्पोत घातलं आणि पेढे वाटून गेला. त्याचं शहाणपण असं की जातानाही कुणी रागावलं नाही. पाठोपाठ कंपनीनं काम थांबवलं. कायमचं की तात्पुरतं, कुणी सांगेना. माणसं तरी राहिली होती. खाण सुरू होईल, नाहीतर सड्यावर काहीतरी दुसरं निघेल, या आशेवर. काही जण खालच्या रस्त्याच्या कामावर जात होते. शाळेत पोरं होती, माझ्या अंगणवाडीत तर पुरेशी.

तेवढ्यात कळलं की आमची ग्रामपंचायत मोडून खालच्या गावात मिसळायचा विचार चाललाय. पण तसा वाईट प्रकार नव्हता. एक साहेब येऊन प्रत्यक्ष बघणार होते. माणसं राहतात का, त्यांना हे गाव हवंय का, ते ग्रामसभेत ऐकून अहवाल देणार होते. आणि दिवस कोणता सोयीचा, ते त्यांनी आम्हालाच विचारलं. म्हणजे यांनाच.

यांनी वैशाखातला मंगळवार सांगितला. तोच, गर्दीचा.

मला चहा गाळताना सांगितलं आणि माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आवं, त्या मंगळवारी निम्म्या जिल्ह्याची म्हाई असतीया. कोन थांबंल हितं?"

"देवीचा वार हाय. चांगला दिवस हाय."

"त्यांची बी देवीच हाय की. बदलून घ्या. बुधवार सांगा, शुक्रवार सांगा."

"बदलायचं न्हाय." आवाज चढला. "मला म्हाईत न्हाय व्हय मंगळवार? जल्मभर त्योच मंगळवार बघत आलोय मी. त्या दिवशी जी मानसं हितं थांबतील, ती ह्या गावची. बाकीची असून काय, नसून काय? एक दिस त्यांनी आपल्या गावासाठी थांबावं, येवढंच मागतोय."

यांना साहेबाला गाव दाखवायचं नव्हतंच. यांना स्वतःला बघायचं होतं. मी पुष्कळ भांडले. दोन दिवस अबोला धरला. शेवटी यांनी सगळी दारं फिरून सांगितलं, आणि प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं, "येतो की!" कोल्हापुरी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. हे घरी येऊन मला म्हणाले, "बघ, समदी थांबत्यात." मला रडू आलं, आणि रागही आला. राग कुणाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी खालून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या, जीप वर आल्या. एकामागून एक. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पोरं नवे कपडे घालून, हातात नारळाच्या पिशव्या. जीप भरत होत्या आणि उतरत होत्या. हे पांढरा शर्ट घालून रस्त्याच्या मधोमध उभे होते. मी दारात. यांना हाताला धरून ओढून आणावं असं वाटत होतं, पण मी हलले नाही.

मुकादमाची जीप शेवटची. तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. खाली उतरला.

"सरपंच, वाट सोडा. तिन्हीसांजंच्या आत परत येतो."

"सायेब बाराला येनार हाय. तवर थांबा. नुसतं तोंड दावा आणि जावा."

"न्हाय थांबता येत. आमच्या घरचा निवद गेल्याबिगर देवीची पालखी हलत न्हाय. अख्खं गाव खोळंबतंय."

"आणि हितली पालखी?"

मुकादम गोंधळला. उत्तर सोपं होतं म्हणून गोंधळला असेल. "हितली काय वं," तो म्हणाला, "कोन बी उचलतंय की."

त्यानं ते वाकड्या मनानं म्हटलं नव्हतं. यांचंच वाक्य यांना परत दिलं होतं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हे बाजूला झाले. जीप गेली. धूळ बसेपर्यंत हे तिथेच होते. मग चालत चावडीत गेले, म्हणजे आम्ही जिला चावडी म्हणायचो त्या खोलीत, आणि सतरंजी अंथरायला लागले. सगळी खोली भरेल एवढी अंथरली. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

साहेब बाराला आले. माणूस भला होता, मुद्दाम वाईट करायला आलेला नव्हता. यांनी त्यांना सगळं हिंडून दाखवलं. नळ, शाळा, माझी अंगणवाडी, भिंतीवर मी काढलेला मोर. प्रत्येक दाराला कुलूप. एका घरासमोर वाळत घातलेली लुंगी होती, हे म्हणाले, "ह्यात चार मानसं ऱ्हात्यात." साहेबांनी लुंगीकडे बघितलं.

"सरपंच, माणसं कुठं आहेत?"

"म्हाईला गेल्यात."

"आणि तुम्ही?"

"मी हितलाच."

चहाची टपरी चालवणारी म्हातारी तेवढी वस्तीत होती. तिला सगळे अव्वा म्हणायचे, ती कर्नाटकातली होती. ती चहा घेऊन आली. साहेबांनी तिला सहज विचारलं, "आजी, तुमचं गाव हेच ना?" अव्वा सरळ बाई. म्हणाली, "न्हाय रे बाबा, माझं गाव लांब हाय. आमची म्हाई फुडच्या म्हैन्यात, तवा जानार मी." मला तिचं तोंड धरावंसं वाटलं. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं?" मी म्हटलं, "हेच." बाईचं गाव नवऱ्याचं असतं, आणि नवऱ्याचं गाव त्या सतरंजीएवढं उरलं होतं.

सतरंजीवर आम्ही चौघं बसलो. साहेबांनी थोडं थांबून बघितलं, मग घड्याळ बघितलं. यांनी ग्रामसभा सुरू केली, रीतसर, उभं राहून. हे गाव कसं झालं ते सांगितलं. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये तोडलं नाही. जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला निघायला हवं हो. आमच्याकडंही आज पाहुणे असतात." वैशाखातला मंगळवार. त्यांचंही कुठेतरी गाव होतं.

तिन्हीसांजेला मुकादम खरंच परत आला. दिलेला शब्द त्यानं पाळला. आमच्या दारात उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी प्रसाद पुढे केला, नारळाचा तुकडा आणि साखर. "घ्या सरपंच. आमच्या देवीचा." मला वाटलं हे फेकून देतील. त्यांनी घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. कागद आला. खालच्या गावात आम्ही मिसळलो, म्हणजे कागदावर मिसळलो. खाण उघडली नाहीच. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, इथे पत्रेही फिरले. लोकांनी ते काढून टेम्पोत घातले आणि आपापल्या गावी नेऊन गोठ्यांवर टाकले. त्या पत्र्यांना तरी गाव मिळालं. अंगणवाडी बंद झाली. भिंतीवरच्या मोरासकट ती खोली कुणीतरी दगडांसाठी पाडली. सगळ्यांत शेवटी आम्ही उतरलो. हे निघताना देवीपुढे दिवा लावून आले. तेल संपेपर्यंत जळणार, मग विझणार, हे दोघांनाही माहीत होतं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतच खोली मिळाली, सासऱ्यांच्या गल्लीला लागून. हे एका वर्कशॉपमध्ये जातात, मी ब्लाऊज शिवते. मूलबाळ झालं नाही. ते दुःख वेगळं आहे, ते इथे आणत नाही. मध्ये एकदा सासऱ्यांच्या भावकीकडून निरोप आला होता, की झालं गेलं विसरा, म्हाईला या. मी म्हटलं जाऊया की. पिढी बदलली, त्या शपथेच्या पाण्याचं काय घेऊन बसलाय? हे म्हणाले, "जाऊन हुबं कुठं ऱ्हायाचं? आमच्या जाग्यावर दुसरा हुबा हाय." मान नको म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात मान किती खोल गेलेला असतो, ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

गाव विचारलं की हे अजून सड्याचंच नाव सांगायचे. ऐकणारा म्हणायचा, कुठं आलं हे? मग हे रस्ता सांगायचे, घाट, वळण, सगळं. ऐकणाऱ्याची गाडी सुटायची वेळ व्हायची.

गेल्या वैशाखात वर्कशॉपमध्ये आलेल्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, की खालच्या गावानं नवं देऊळ बांधलंय आणि सड्यावरची देवी खाली आणून त्यात बसवलीय. वर दिवा लावायला कुणी नव्हतं म्हणून. म्हाई जोरात असते. यांनी त्या रात्री शर्टाला स्वतः इस्त्री केली. मी नको म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण इतक्या वर्षांनी यांच्या तोंडावर कुठेतरी जायचा आनंद दिसत होता. मी पुरणाचा निवद बांधून घेतला.

देऊळ चांगलं होतं, टाईल्स लावलेलं. देवीला चांदीचे डोळे बसवलेले, हिरवी साडी. यांनी वाकून बघितलं आणि मला खुणेनं दाखवलं, बाजूचा टवका. तीच होती. आमचा निवद पुजाऱ्यानं घेऊन बाजूला ठेवला, कारण पहिला निवद ठरलेल्या घरचा यायचा होता. तो वाजतगाजत आला. मग पालखीजवळ एकेका घराण्याला पुकारा झाला आणि एकेक जण पुढे होऊन दांड्याला खांदा देऊ लागला. आमच्या देवीला मानकरी मिळाले होते. तिच्याभोवती माणसं मावत नव्हती. कुणाला बोलवावं लागत नव्हतं, कुणी सासुरवाडीला गेलेलं नव्हतं.

हे हळूहळू पुढे सरकले. दांड्याला हात पोचणार तेवढ्यात एका गड्यानं यांचा दंड धरला, अगदी अदबीनं. "पावणं, जरा बाजूला व्हता? मान असतोय."

हे बाजूला झाले.

पालखी फिरून आली, आणि देवळापुढच्या मांडवात जेवणाच्या पंगती बसायला लागल्या. आमच्याकडची रीत अशी, की पहिली पंगत पाहुण्यांची. गाव वाढतं, पाहुणे जेवतात, आणि सगळ्यांत शेवटी गावकरी बसतात. एक पोक्त माणूस हातात पाण्याचा तांब्या घेऊन यांच्यापाशी आला.

"कुठनं आलासा पावणं?"

यांनी डोंगराकडे हात केला. "वरनं. सड्यावरनं."

"वर कोन ऱ्हातंय आता? चेष्टा करतासा व्हय!" तो मोठ्यानं हसला. "कोल्हापुरास्नं आलासा न्हवं? कापडावरनंच कळतंय. चला, बसून घ्या."

"मी मागनं बसतो," हे म्हणाले. "गावकऱ्यांच्यात."

"आवं असं कसं? पावण्याला उपाशी ठेवून गाव जेवंल व्हय? आमची देवी रागावंल की."

त्याच्या आवाजात इतकी माया होती की भांडायला जागाच नव्हती. त्यानं यांना हाताला धरून पंगतीत नेलं, पत्रावळीपुढे बसवलं, स्वतः पाणी ओतलं. मी समोर बायकांच्या रांगेत बसले. मला सगळं दिसत होतं. भात आला, आमटी आली, गव्हाची खीर आली. वाढणारे पुन्हा पुन्हा यांच्याकडेच येत होते. शर्ट इस्त्रीचा, म्हणजे लांबचा पाहुणा. हे खाली मान घालून जेवत होते. तांब्यावाला खिरीचं पातेलं घेऊन तिसऱ्यांदा वाकला.

"घ्या की पावणं, लाजू नका. आपलंच गाव समजा."

यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"पुरे आता," हे म्हणाले. "लांब जायाचं हाय आमाला."